बावीस मापं घेऊन आणलेलं कॅबिनेट

मी रांजणगावच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. एकवीस वर्षांत माझ्या हातून चुकीच्या मापाचा एकही नग बाहेर गेलेला नाही. घरात मात्र एक आला.

तो नग म्हणजे संगणकाचं नवं कॅबिनेट. संगणक तसा माझा नाही, मंदाचा आहे. मंदा म्हणजे माझी बायको. ती शिरूरच्या आमच्या घरी बसून लग्नाचे अल्बम तयार करते. फोटोग्राफर दोन-तीन हजार फोटो आणून टाकतात आणि त्यातून मंदा साठ पानांचं लग्न बाहेर काढते. वरमाईचा मिटलेला डोळा उघडते, करवलीच्या साडीवरचा आमटीचा डाग धुऊन टाकते, आणि नवरा-नवरीच्या मागे बसून जेवणाऱ्या पाहुण्याला ताटासकट अदृश्य करते. या कामात तिला एक पातळ पाटी आणि पेन लागतं. पेन पाटीवर फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो.

आमचा संगणक नऊ वर्षांचा होता. एक पान उघडायला तो एक मिनिट पन्नास सेकंद घ्यायचा (पाच वेळा मोजून काढलेली सरासरी). आतला पंखा असा ओरडायचा, की फोनवर बोलणारा माणूस विचारायचा, "गिरणीत आहात काय?"

त्या मे महिन्यात केडगावच्या एका फोटोग्राफरने मंदाला पहिल्यांदाच काम दिलं. अट सरळ होती. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तो नवरीला आणि तिच्या आईला घेऊन आमच्या घरी येणार, पडद्यावर अल्बम दाखवायचा. पसंत पडला तर केडगाव, वरवंड, भांडगाव, त्या सगळ्या पट्ट्यातली पुढची लग्नं मंदाकडे. नाही पडला तर सगळं काम पुण्याला. नवरी शुक्रवारी सुरतेला सासरी निघणार होती, त्यामुळे वार हलणार नव्हता. साठापैकी आठ पानं बाकी होती.

बुधवारी दुपारी संगणक दोनदा आपोआप बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, शनिवारी येतो.

"उद्या माझी सुट्टी आहे," मी म्हटलं. "सामान सगळं येऊन पडलंय. मी नवा करून देतो. पावणेअकराच्या आत."

मंदाने शांतपणे सगळ्या फोटोंची आणि पानांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली, ती डिस्क रुमालात गुंडाळली आणि कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवली. माझ्यावर तिचा पहिल्यापासून असाच विश्वास आहे.

सामान येऊन पडलं होतं हे मात्र खरं होतं. महिनाभर अभ्यास करून मी एकेक वस्तू मागवली होती. मदरबोर्ड आणि प्रोसेसर जुनेच ठेवायचे. रॅम दुप्पट, नवी एसएसडी, नवं ग्राफिक्स कार्ड, नवा एसएमपीएस (म्हणजे घरातली वीज संगणकाला सोसेल अशी करून देणारा डबा), आणि हे सगळं ज्यात बसवायचं ते नवं कॅबिनेट. लोखंडी, एका बाजूला काच, पुढे तीन पंखे. मागवण्याआधी मी बावीस मापं घेतली होती. कार्डाची लांबी, पंख्याची उंची, डिस्कची जाडी, दोन स्क्रूंमधलं अंतर, सगळं चौकटीच्या कागदावर मांडलं होतं. बारीक मापं घ्यायचा कारखान्यातला व्हर्नियर घरी आणता येत नाही, म्हणून माझा स्वतःचा आहे. (काही लोकांच्या घरी कॅरम असतो.)

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला. एकतीस पायऱ्या, प्रत्येकीपुढे ठरलेली वेळ, झालेली वेळ आणि सहीचा रकाना.

"सही कुणाची?" मंदाने विचारलं.

"माझी."

"आणि तपासणार कोण?"

"मीच."

"मग बरंय," असं म्हणून ती कणीक मळायला गेली.

तिसऱ्या पायरीवर असताना माझे सासरे आले. आबा वरवंडला असतात. पहाटेच्या गाडीने चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून ते मुलीला काकड्या आणि वांगी द्यायला आले होते. चाळीस वर्षं त्यांनी विहिरीवरच्या मोटरी आणि त्यांचे स्टार्टर स्वतः खोलून दुरुस्त केलेत. संगणक त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, चहा बशीत ओतला आणि समोर बसले.

"पाव्हणं, मोटर जळली काय?"

"नाही आबा. जुन्यातलं काढून नव्यात बसवतोय."

"चालत्याला कशाला हात लावताय मग?"

"चालत नव्हतं."

"आन् आता चालंल?"

याचं उत्तर तक्त्यात होतं. मी नुसतं बोट दाखवलं. आबांनी तक्ता वरून खाली नीट वाचला आणि म्हणाले, "जेवाय सुट्टी न्हाई दिसत ह्यात."

जुनं कॅबिनेट उघडल्यावर आत जो काही ऐवज निघाला, त्याला धूळ म्हणणं कमीपणाचं होईल. तो थर होता. मी त्याची जाडी मोजली, साडेचार मिलिमीटर. स्क्रू निघाले चौतीस. ते मापाप्रमाणे सात वाट्यांत ठेवून प्रत्येक वाटीला चिठ्ठी लावली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, वाट्या कुठं गेल्या सगळ्या? आबांना दही कशात देऊ?"

"ताटात दे."

"पातळ आहे."

"मग थोड्या वेळाने दे."

आबा म्हणाले, "असू दे गं. त्यांचं स्क्रू जेवत्यात तवर मी थांबतो."

नव्या कॅबिनेटात मदरबोर्ड थेट पत्र्यावर ठेवायचा नसतो. खाली पितळेचे छोटे खुंट बसवायचे, म्हणजे बोर्ड पत्र्याला टेकत नाही. असे नऊ खुंट मी बसवले, प्रत्येकाची उंची मोजली, बोर्ड ठेवला, नऊ स्क्रू आवळले, सही केली. मग खाली बघितलं तर माझ्या मांडीवर एक भोकाभोकांची पत्र्याची पाटी. ही पाटी कॅबिनेटच्या मागच्या खिडकीत बसते, आणि ती बोर्डाच्या आधी बसवायची असते. तक्त्यात ती अकरावी पायरी होती. अकराव्या पायरीवर माझी सही होती.

मी नऊ स्क्रू परत काढायला लागलो.

"सदरा घातल्यावर बंडी ध्यानात आली म्हना की," आबा म्हणाले.

सगळं जोडून व्हायला पावणेबारा वाजले. ठरलेल्या वेळेपेक्षा एक तास उशीर, पण एकही स्क्रू उरला नव्हता. या विषयातल्या जाणकारांना विचारा, ही साधी गोष्ट नाही. मी मंदाला बोलावलं. ती हात पुसत आली. मी पुढचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. मग थोडा वेळ दाबून धरलं. मग वायर काढून पुन्हा लावली. मंदा घड्याळाकडे बघत होती. मी तक्ता वरपासून वाचायला सुरुवात केली.

"ह्ये मागं बटन कशाचं हाय?" आबा खुर्चीतून वाकून बघत होते.

"ते एसएमपीएसचं आहे. त्याचा आत्ता संबंध नाही."

"बंद हाय त्ये."

ते बंद होतं. आबांनी ते चालू केलं, मी पुढचं दाबलं, आणि संगणक सुरू झाला! आवाज जवळजवळ नाहीच. पडदा अकरा सेकंदांत समोर. आणि काचेच्या आत तिन्ही पंख्यांत लाल, हिरवे, निळे दिवे गरागरा फिरायला लागले. दिव्यांचं मी मागवताना वाचलं नव्हतं, मी फक्त पंख्याचा व्यास बघितला होता.

आबा खूश झाले. "चौफुल्याला असल्या लायटी असत्यात."

मंदाने वळून पाहिलं. चौफुल्याला लावणीची केंद्रं आहेत.

"येष्टीतनं दिसत्यात," आबा म्हणाले. "लांबनं."

आता तो टेबलाच्या खणात ठेवायचा, की झालं. मी कॅबिनेट उचललं, खणात सरकवलं, आणि ते अडलं. तिरकं केलं, अडलं. शेवटी व्हर्नियर बाजूला ठेवून टेप आणला. खणाची उंची चारशे अडुसष्ट मिलिमीटर. कॅबिनेटची चारशे ऐंशी. फरक बारा मिलिमीटर. बावीस मापांत हे माप नव्हतं. हे तेविसावं.

"त्याच्या आत काय काय मावतंय ते बघितलंत," मंदा म्हणाली. "ते स्वतः कुठं मावणार, ते कुणी बघायचं?"

मी खणाची वरची फळी कापायचा प्रस्ताव मांडला. तो एकमताने फेटाळला गेला (मी तटस्थ राहिलो). मग कॅबिनेट खाली फरशीवर ठेवलं. तिथून वायरी पुरेनात, म्हणून टेबल खिडकीखाली ओढलं आणि तिथल्या प्लगमध्ये वायर लावली. ओढताना टेबलामागची धूळ दिसली, ती मंदाने ओल्या फडक्याने पुसून घेतली. साडेबारा वाजले होते. आठ पानांना तिच्याकडे साडेचार तास होते. मी तक्त्यावर शेवटची सही केली आणि हात धुतले.

मंदा अनवाणीच कामाला बसली. नवरीच्या भुवईला अक्षतांचा एक दाणा चिकटला होता, तो काढायला तिने पेन टेकवलं. पडद्यावरचा बाण टुणकन उडाला. दाणा राहिला. भुवई गेली.

"हे काय?"

"हळू हात धर," मी म्हटलं.

तिने केलेला बदल मागे घेऊन भुवई परत आणली, श्वास रोखून पुन्हा पेन टेकवलं. या वेळी दुसरी भुवई गेली. बाण पेनाचं ऐकतच नव्हता, तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा नाचत होता. वैतागून तिने पाय पुढे केला, तो कॅबिनेटला लागला, आणि ती खुर्चीसकट मागे सरकली.

"अहो, हे चावतंय."

"काय चावतंय?"

"हे. मुंग्या आल्या पायाला. करंट येतोय."

मी ताबडतोब कॅबिनेटला हात लावला. काही नाही. दुसऱ्या बाजूला लावला, वर लावला. तीन चाचण्या, तिन्हींचा निकाल शून्य.

"मला काही लागत नाही."

"मला लागतंय."

"साडी सिल्कची असली की कधी कधी अंगावर वीज जमते."

"मी गाऊनवर आहे."

आबा उठले. त्यांनी धोतर सावरलं, खाली बसले आणि हाताची मागची बाजू अलगद पत्र्याला टेकवली. मोटर हाताळणारा माणूस उलटा हात लावतो. झटका बसलाच तर मूठ वळते आणि हात आपोआप सुटतो. "हाय की," ते म्हणाले. "बारीक हाय, पन हाय."

दोन विरुद्ध एक. मी पुन्हा हात लावला. शून्य. पण बायको आणि सासरे एका बाजूला असले, की आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही. मी गृहीत धरलं की नऊपैकी एखादा खुंट हलला असणार आणि बोर्ड पत्र्याला टेकत असणार. संगणक बंद केला, काच काढली, कार्ड काढलं, स्क्रू काढले. नऊच्या नऊ खुंट जागच्या जागी, ताठ. परत जोडलं. दीड वाजला.

मंदाने पाय लावला. "आहे."

"पाव्हणं," आबा म्हणाले, "आर्थिंग बगा की."

"आबा, ही विहिरीवरची मोटर नाही. यातले भाग फार नाजूक असतात."

"व्हय, पन वायर येती एकाच डीपीवरनं ना?"

मी दुसऱ्यांदा उघडलं. या वेळी ग्राफिक्स कार्ड बाहेर ठेवून चालू केलं. चावतंय. तिसऱ्यांदा उघडून पुढचे पंखे सोडवले. दिवे गेले, चावणं राहिलं. मूळ तक्ता संपला होता, म्हणून खाली पुरवणी तक्ता चिकटवला. सात वाट्यांतले स्क्रू आता चार वाट्यांत होते, आणि त्यातल्या एकीत, गडबडीत, दह्याचा थोडा अंश होता. दर वेळी जोडून झालं की मी हात लावायचो (शून्य), मंदा पाय लावायची ("आहे"), आणि आबा म्हणायचे, "आर्थिंग."

पावणेतीन वाजता मंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे मी घाबरलो.

"सव्वादोन तासांनी त्या मायलेकी इथं येतील," ती म्हणाली. "आठ पानं तशीच आहेत, आणि बाकीच्या बावन्नातल्या एकावर नवरीला भुवई नाही. हे काम गेलं तर परत येणार नाही. आता आबा काय म्हणतात ते ऐकायचं."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हातात होता तेव्हा आधार वाटत होता.

आबांनी एक बल्ब, एक होल्डर आणि दोन वायरी मागितल्या. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा होल्डर माळ्यावर होता. कुठल्या खोक्यात, हे मला पाठ असल्याने तो अर्ध्या मिनिटात मिळाला (दिवसभरातलं माझं सर्वात वेगवान काम). आबांनी पायाखाली लाकडी पाट घेतला, बटण बंद केलं, वायरीचं एक टोक प्लगच्या खालच्या एका भोकात, दुसरं शेजारच्या भोकात घातलं आणि बटण चालू केलं. बल्ब लख्ख पेटला. पुन्हा बंद. आता दुसरं टोक वरच्या मोठ्या भोकात, जे अर्थिंगचं असतं. चालू. बल्बातली तार नुसती तांबूस झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

"बगा," आबा म्हणाले. "वरच्या भोकात जीवच न्हाई. जायचा करंट जमिनीत जाईना, म्हून पत्र्यावर बसून ऱ्हातोय. त्यो पेन बी त्यामुळंच नाचतोय. खड्डा कुठाय तुमच्या आर्थिंगचा?"

हा प्रश्न मात्र माझ्या प्रांतातला होता. "मागच्या अंगणात. नळापासून दोन मीटर चाळीस सेंटिमीटर."

आम्ही तिघं मागे गेलो. मी अंतर मोजून खूण केली. आबा खुणेकडे बघत राहिले. तिथं खड्डा नव्हता. तिथं लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची सुरेख, सपाट फरसबंदी होती.

अर्थिंगच्या खड्ड्यात लोखंडी नळी पुरलेली असते, भोवती कोळसा आणि मीठ. ती ओली राहिली तरच वीज जमिनीत उतरते, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. हे मला शाळेपासून माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मीच अंगणात ब्लॉक बसवून घेतले. पाण्याचा एक थेंब खाली मुरता कामा नये, असं गवंड्याला मी तीनदा बजावलं होतं. स्पिरिट लेव्हल लावून उतार तपासला होता. नंतर वर चार बादल्या पाणी ओतून, ते सगळंच्या सगळं गटारात जातंय याची खात्री करून घेतली होती. त्या कामावरही माझी सही असणार.

"काम चांगलं झालंय," आबा म्हणाले. "पहार आना."

मंदाला आता काहीतरी आठवलं होतं. "म्हणजे वॉशिंग मशीन चावायचं ते यामुळंच. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

"मी तपासलं होतं. काही नव्हतं."

"काय घालून तपासलं होतं?"

तिघांनीही माझ्या पायांकडे बघितलं. माझी टाच दुखते, म्हणून मी घरात कायम रबरी चपला घालतो. रबरातून वीज जात नाही. सकाळपासूनच्या माझ्या सगळ्या चाचण्या चपला घालून झाल्या होत्या. वॉशिंग मशीनच्याही.

जुन्या संगणकाने मात्र हे कधी कळू दिलं नव्हतं. एक तर तो लाकडी खणात होता, कुणाचा पाय त्याला लागत नसे. आणि नव्या चांगल्या एसएमपीएसमध्ये थोडी वीज अर्थिंगकडे सोडायची सोय असते, ती जुन्या स्वस्तात नव्हती. थोडक्यात, मी सामान जितकं उत्तम आणलं तितकं ते जास्त चावलं.

दोन ब्लॉक उखडायला पंधरा मिनिटं लागली, कारण ते फार पक्के बसवले होते. खाली नळीचं तोंड होतं आणि भोवती माती, पापडासारखी सुकलेली. आबांनी मीठ मागितलं. मंदाने लोणच्यासाठी आणलेलं दोन किलो जाडं मीठ आणलं, पिशवी हातात धरून क्षणभर थांबली, आणि देऊन टाकली.

"लोनचं मी पाठवतो वरवंडवरनं," आबा म्हणाले. "ओत."

एक बादली ओतली. पाणी दिसलंही नाही. दुसरी ओतली, खड्ड्याने घटाघटा घेतली. तिसऱ्या बादलीला बुडबुडे आले. चौथी वर थोडी तरंगली. पंधरा लिटरची बादली, म्हणजे साठ लिटर.

"दोन वर्सं उपाशी व्हतं बिचारं," आबा खड्ड्याकडे मायेने बघत म्हणाले.

घरात येऊन त्यांनी बल्ब पुन्हा लावला. वरच्या भोकात टोक घातलं, बटण दाबलं, आणि बल्ब असा पेटला की खिडकीतल्या उन्हातही डोळ्यांत भरला. मी पंखे जोडले, कार्ड बसवलं, काच लावली. मग चपला काढल्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो आणि आबांसारखा हात उलटा करून कॅबिनेटला टेकवला.

शून्य. या वेळचा शून्य खरा होता.

मंदाने पेन टेकवलं. बाण जिथे होता तिथे थांबला. तिने गेलेली भुवई परत आणली आणि अक्षतांचा दाणा अलगद उचलला. दोन्ही भुवया जागेवर! ती पदर खोचल्यासारखा हात कमरेला लावून पुढे सरकली. (गाऊन होता, पण आविर्भाव पदराचा होता.) तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. आठ पानं, सत्तर मिनिटं. पानाला पावणेनऊ मिनिटं पडत होती. हे मी तिला सांगायला गेलो.

"तिकडं बसा," ती म्हणाली.

मी तिकडं बसलो आणि मनातल्या मनात मोजत राहिलो. पूर्वी एक मिनिट पन्नास सेकंदांत उघडणारं पान आता चार सेकंदांत उघडत होतं. हळदीचं पान झालं. सप्तपदीची दोन पानं झाली. चार पंचवीसला पाचवं पान. मी आणि आबा चहा न पिता बसलो होतो, कारण करणारी व्यक्ती नवरीला हार घालत होती. शेवटचं, पाठवणीचं पान चार बावन्नला पुरं झालं. मंदाने पेन खाली ठेवलं, बोटं मोडली आणि गाऊन बदलायला पळाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी नवरी, तिची आई आणि फोटोग्राफर आले. पडदे ओढून घेतले. अंधारात आमच्या कॅबिनेटने असा काही लाल-हिरवा-निळा उजेड पाडला, की नवरीच्या आईला आधी तोच कार्यक्रम वाटला. मग अल्बम सुरू झाला. पानामागून पान झरझर येत होतं. नवरी खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. तिची आई प्रत्येक पानावर एकेका माणसाचं नाव घेत होती आणि सोबत त्याच्याबद्दलचं मत.

चाळिसाव्या पानावर ती थांबली. "इथं मागं आमचं थोरलं दीर बसल्यालं. जेवत व्हतं."

मंदाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो पाहुणा तिने ताटासकट काढून टाकला होता.

नवरीच्या आईने थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "न्हाई ते बरं दिसतंय," ती म्हणाली. "पुढं घ्या."

पाठवणीच्या पानावर मायलेकी दोघीही रडल्या. फोटोग्राफरने हळूच मंदाला सांगितलं, "मॅडम, एवढं झालं म्हणजे पास. भांडगावची दोन लग्नं आणि वरवंडचं एक, तिन्हीचे फोटो उद्याच आणून देतो." मग तो कॅबिनेटपाशी वाकला. "मशीन भारी आहे. कुणी बनवलं?"

"ह्यांनी," मंदा म्हणाली. "सकाळपासून एकट्यांनी. एकही स्क्रू उरला नाही."

तिने हे सगळ्यांसमोर, न हसता सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण इतकं मोठं प्रमाणपत्र मला मिळालं नव्हतं. आबाही म्हणाले, "पाव्हन्यांच्या हाताला गुन हाय. आमी आपलं नुसतं पानी घातलं."

ती तीन लग्नं झाली, त्यानंतरही पाच आली. मंदाचं नाव आता केडगावच्या पलीकडे गेलंय, आणि संगणक आजतागायत एकदाही बंद पडलेला नाही. मीही शिकलो. ते दोन ब्लॉक मी पुन्हा बसवले नाहीत. तिथे झाकण केलं आणि कपाटावर नवा तक्ता लावला. त्यात एकच काम आहे, दर गुरुवारी सकाळी साडेसातला.

गेल्या महिन्यात आमच्या मागच्या घरात एक बँकेतले साहेब राहायला आले. सभ्य माणूस. पहिल्याच गुरुवारी ते कुंपणापाशी उभे राहून बघत होते. मी झाकण उघडलं, बादलीत मीठ विरघळवलं आणि जमिनीतल्या भोकात सावकाश पाणी ओतू लागलो.

"काय लावलंय इथं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग पाणी कशाला?"

"संगणकाला," मी म्हटलं. "आठवड्याला पंधरा लिटर. मीठ वेगळं."

साहेबांनी मान डोलावली. थोडा वेळ ते माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिले आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी आहेत का घरात?"